अवकाश दुर्बिणीवर संशोधन करणारे लोक दिवसभर नेमकं काय करतात?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत: हे लोक दिवसभर काय करतात, त्यांना दुर्बीण स्वतः हाताळायला मिळते का, आणि खगोलशास्त्राची पदवी नसलेल्या माणसाला त्यातलं काही जमेल का. मी पीएचडीची साडेपाच वर्षं याच कामात घालवली, म्हणून लिहिते.

आधी एक गंमत. पुण्यात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचे त्या काकू रात्री दहाला फाटकाला कुलूप लावायच्या. मी खगोलशास्त्रात संशोधन करते म्हटल्यावर त्यांनी आपणहून मला वेगळी किल्ली करून दिली. "रात्री-बेरात्री येणं होणार तुझं." मी सकाळी दहाला जायचे आणि संध्याकाळी सातच्या आत घरी. ती किल्ली शेवटपर्यंत कोरी करकरीत राहिली.

दुर्बीण आपल्या हातात कधीच नसते. हबल किंवा वेब या अवकाश दुर्बिणींसाठी तुम्ही एक प्रस्ताव लिहिता: कुठल्या ताऱ्याकडे, कुठल्या उपकरणाने, किती वेळ आणि का. वेबच्या प्रस्तावांच्या चौथ्या फेरीसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये 2,377 प्रस्ताव आले. मागणी होती जवळपास 78,000 तासांची, म्हणजे उपलब्ध वेळेच्या साधारण नऊपट. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री आठची, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच. (काकूंची किल्ली वापरायची संधी खरं तर अशाच रात्री होती, पण प्रस्ताव घरूनही पाठवता येतो.) प्रस्ताव मंजूर झाला तर निरीक्षण वेळापत्रकात बसतं, आणि मग कधीतरी डेटा आल्याची मेल येते. आपल्या दृष्टीने निरीक्षण म्हणजे एवढंच.

टेसचं त्याहून सोपं. नासाने एप्रिल 2018 मध्ये सोडलेली ही दुर्बीण आकाशाचा एकेक पट्टा सुमारे 27 दिवस न्याहाळते आणि पुढच्या पट्ट्याकडे वळते. तिच्या चार कॅमेऱ्यांची भिंगं जेमतेम दहा सेंटीमीटरची. डेटा सगळ्यांसाठी खुला आहे, त्यावर कोणाचाही आधी हक्क नाही. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. वेळ आडव्या अक्षावर, उजेड उभ्या अक्षावर, की झाला लाइट कर्व्ह. त्यात ठरावीक अंतराने येणारे खड्डे शोधायचे. सूर्यासमोरून गुरू गेला तर खड्डा सुमारे एक टक्क्याचा, पृथ्वी गेली तर एका टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी.

मग दिवस कशात जातो? खड्डा खरा आहे का, हे ठरवण्यात.

माझंच उदाहरण सांगते. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात मला एका ताऱ्यात छान खड्डा सापडला. अर्धा टक्का खोल, दर तीन दिवसांच्या आसपास, अगदी घड्याळासारखा. तारा सूर्यासारखा धरला तर समोरून जाणारी वस्तू गुरूपेक्षा लहान, साधारण शनीच्या जवळपास. त्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याची कुठेच नोंद नव्हती. रात्री साडेअकराला मी गाइडना चार आलेख आणि तीन परिच्छेदांची मेल पाठवली. उत्तर सकाळी आलं, दोन शब्दांचं: "शेजारी कोण?"

त्याचा अर्थ असा. टेसचा एक पिक्सेल आकाशात 21 विकला एवढा असतो (विकला म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग). पूर्ण चंद्राच्या व्यासावर असे जेमतेम नव्वद पिक्सेल बसतील. फार मोठे ठोकळे आहेत हे. आपण ज्याला एका ताऱ्याचा उजेड म्हणतो त्यात आजूबाजूच्या चार-पाच ताऱ्यांचा उजेड मिसळलेला असू शकतो. मी गायाची यादी उघडली. गाया ही युरोपची दुर्बीण, तिने 180 कोटींहून जास्त ताऱ्यांच्या जागा नोंदवून ठेवल्यात. माझ्या ताऱ्यापासून दीड पिक्सेलवर एक अंधुक तारा बसला होता, पाच प्रतींनी मंद. प्रत हे ताऱ्याच्या तेजाचं माप, पाच प्रती म्हणजे शंभरपट. आता हा मंद तारा एकटा नसून एकमेकांना झाकणारी जोडी असेल, आणि ग्रहणात तिचा निम्मा उजेड जात असेल, तर एकूण उजेडात घट किती? शंभराव्या भागाचा अर्धा. म्हणजे बरोब्बर अर्धा टक्का. माझा "शनी".

तरी मी लगेच मानलं नाही. प्रत्येक पिक्सेलचा वेगळा लाइट कर्व्ह काढला. ग्रह माझ्या ताऱ्याचा असता तर खड्डा मधल्या पिक्सेलमध्ये ठळक दिसायला हवा होता. तो शेजाऱ्याच्या बाजूच्या पिक्सेलमध्ये खोल होत गेला आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ दिसेना. मग विषम आणि सम क्रमांकाचे खड्डे वेगळे करून एकावर एक ठेवले. एक गट किंचित खोल, दुसरा किंचित उथळ. ग्रहाच्या बाबतीत असं व्हायचं कारण नाही. दोन वेगळ्या तेजाचे तारे आळीपाळीने एकमेकांना झाकत असतील तर मात्र हमखास होतं. म्हणजे खरा आवर्तनकाळही तीन दिवसांचा नव्हता, दुप्पट होता. तीन आठवडे गेले यात. वहीत त्या पानावर मी मोठ्या अक्षरात "शेजारी" लिहून ठेवलंय.

हे झालं आकाशातलं फसवणं. यानाचं स्वतःचं वेगळंच. यान वळवणाऱ्या आतल्या चाकांचा साठलेला वेग उतरवायला टेस दर काही दिवसांनी छोटे रॉकेट पेटवते, त्या क्षणी चित्र हलतं आणि लाइट कर्व्हमध्ये उडी येते. पृथ्वी किंवा चंद्र कॅमेऱ्याच्या कडेला आले की विखुरलेला उजेड आत शिरतो. नवख्याला या प्रत्येक ठिकाणी ग्रह दिसतो.

तुम्हाला वाटेल, लहान दुर्बिणीमुळे हे सगळं होत असेल. उलट उदाहरण आपल्याच घरचं आहे. इस्रोने 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून ॲस्ट्रोसॅट सोडला. त्याच्यावर यूव्हीआयटी नावाची अतिनील दुर्बीण आहे, आरसा साडेसदतीस सेंटीमीटरचा. हबलचा 2.4 मीटरचा. अतिनील किरण वातावरणात अडतात, म्हणून हे काम जमिनीवरून होत नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये यूव्हीआयटीने आकाशाचा एक छोटा तुकडा 28 तासांहून जास्त वेळ पाहिला. सलग नाही बरं का: उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतानाच हे निरीक्षण चालतं, त्यामुळे पृथ्वीभोवतीच्या एकेका फेरीतले छोटे तुकडे जोडावे लागतात. शिवाय उपग्रह थोडा थोडा डुलत असतो, म्हणून सेकंदाला सुमारे 29 याप्रमाणे घेतलेल्या फ्रेम एकमेकांवर नीट बसवाव्या लागतात, नाहीतर ठिपक्याचा डाग होतो.

त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 930 कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारे प्रखर अतिनील किरण सापडले. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन उडवून लावतील इतक्या ऊर्जेचे हे किरण सहसा दीर्घिकेतल्या वायूतच शोषले जातात, बाहेर निसटत नाहीत. विश्वाच्या बाल्यावस्थेत सगळीकडे पसरलेल्या हायड्रोजनचं आयनीभवन (म्हणजे त्याचे इलेक्ट्रॉन उडवणं) कोणी केलं, या जुन्या प्रश्नाशी त्यांचा थेट संबंध आहे. मग हबलला हे का दिसलं नाही? हबलच्या शोधकाचा स्वतःचा गोंगाट जास्त आहे. यूव्हीआयटीच्या पार्श्वभूमीत तो फारच कमी, म्हणून आरसा लहान असूनही क्षीण संकेत वर उठून दिसला.

आता तारखा बघा. निरीक्षण 2016 चं, शोधनिबंध ऑगस्ट 2020 मधला. हा उजेड त्याच दीर्घिकेचा की मधल्या अंतरावरच्या दुसऱ्या कशाचा, याची खात्री करण्यातच दोनेक वर्षं गेली. थोडक्यात, त्यांनाही "शेजारी कोण?" विचारावं लागलं. माझा शेजारी निघाला, त्यांचा नाही.

तुमचा तिसरा प्रश्न. हो, जमेल. केप्लर या नासाच्या, टेसच्या आधीच्या ग्रहशोधक दुर्बिणीच्या डेटात हौशी लोकांनी डोळ्यांनी चाळून एक विचित्र तारा पकडला होता, ज्याचा उजेड मध्येच 22 टक्क्यांपर्यंत घसरायचा. संगणकाच्या नेहमीच्या चाळणीला तसला खड्डा शोधायला सांगितलेलंच नव्हतं. त्या हौशींची नावं पुढे शोधनिबंधात लेखक म्हणून आली. साधा लॅपटॉप, थोडं पायथन आणि लाइटकर्व्ह (Lightkurve) नावाचं फुकट पॅकेज एवढ्यावर सुरुवात होते.

पण नवा ग्रह शोधायला निघू नका. आधी वास्प-18 हा तारा घ्या. त्याचा ग्रह ताऱ्याभोवती 23 तासांच्या आत एक फेरी मारतो, खड्डा सुमारे एक टक्क्याचा, टेसच्या एका पट्ट्याच्या डेटात पंचवीसेक खड्डे सहज मोजता येतात. ते सगळे एकावर एक रचा, विषम-सम वेगळे करा, शेजारचे तारे तपासा. खड्डा नाहीच दिसला तर चूक कोडमध्ये शोधा. ग्रह जागेवर आहे.