गेम कंपनीत इंजिनिअरच्या मुलाखतीत नेमकं काय विचारतात? दारव्ह्याजवळच्या गावात राहतो, लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही.

भाऊ, ग्राफिक्स कार्डाची चिंता आधी सोडा. फ्रेशरच्या गेममधली चित्रं किती देखणी आहेत यापेक्षा सी प्लस प्लस पक्कं आहे का आणि व्हेक्टरचं (दिशा आणि लांबी दोन्ही असलेल्या राशींचं) गणित येतं का, यावरच जास्त वेळ जातो.

सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावर ६० चित्रं, हव्या असतील तर एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात. शत्रूची हालचाल, टक्कर, आवाज, चित्र, सगळं त्यातच बसवायचं. बहुतेक प्रश्न फिरूनफिरून इथेच येतात.

समजा विचारलं, 'गोळी भिंतीतून आरपार का जाते?' गोळीचा वेग सेकंदाला १०० मीटर धरला, तर ती एका फ्रेममध्ये सुमारे १.६७ मीटर सरकते. भिंत २० सेंटीमीटर जाड. या फ्रेमला गोळी अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. तपासणीच्या क्षणी ती भिंतीत नव्हतीच. म्हणून जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत रेकास्ट, म्हणजे एक काल्पनिक सरळ रेषा, टाकून मध्ये काही आडवं येतं का ते बघायचं. 'फ्रेम रेट वाढवू' असं म्हणालात तर गेलात. स्वस्त मोबाइलवर तो घसरतोच.

दुसरा ठरलेला प्रश्न: खेळाडू शत्रूच्या नजरेच्या टप्प्यात आहे का? शत्रूच्या तोंडाची दिशा आणि शत्रूपासून खेळाडूकडची दिशा, यांचा डॉट प्रॉडक्ट काढा (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा गुणाकार). नजरेचा कोन एकूण ९० अंश असेल तर उत्तर ०.७०७ पेक्षा जास्त हवं. दोन्ही व्हेक्टर आधी नॉर्मलाइझ करायचे, म्हणजे त्यांची लांबी १ करायची, इथेच पोरं चुकतात.

मेमरीवरही खोदतात. कॅर (१ बाइट), इंट (४ बाइट), कॅर या क्रमाचं स्ट्रक्चर नेहमीच्या कंपायलरवर १२ बाइट घेतं, कारण मध्ये आणि शेवटी रिकामी जागा सुटते. इंट आधी ठेवला तर ८. कॅशे लाइन (प्रोसेसर मेमरीतून एकदम उचलतो तो तुकडा) बहुधा ६४ बाइटची, म्हणजे एका खेपेत ५ ऐवजी ८ वस्तू येतात. युनिटी या गेम इंजिनवरची जागा असेल तर ऑब्जेक्ट पूलिंग, म्हणजे त्याच वस्तू परत परत वापरणं, वाचून जा: दर गोळीला नवी वस्तू बनवून मोडली की गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी साफ करणारा भाग) मध्येच गेम अडकवतो.

प्रोजेक्ट एकच, छोटा, पण पूर्ण. गोडो या फुकट गेम इंजिनमध्ये कम्पॅटिबिलिटी रेंडरर (चित्र काढण्याची हलकी पद्धत) निवडा, साध्या लॅपटॉपवर चालतो. घरातल्या सर्वात जुन्या अँड्रॉइडवर गेम टाका, प्रोफायलर (कशाला किती वेळ लागतो ते मोजणारं साधन) लावा, आणि सुधारणेआधी किती मिलिसेकंद लागत होते, नंतर किती, ते लिहून ठेवा. अर्धवट दहा गेमपेक्षा हा आकडा जड. कोड ठेवायच्या गिटहब साइटवर १०० एमबीपेक्षा मोठी फाइल साध्या पद्धतीने चढत नाही, बिल्ड (तयार गेमची फाइल) बाहेरच ठेवा.

मुलाखतीच्या ऑनलाइन फेरीला विजेचा आणि नेटचा भरवसा नकोच. लॅपटॉप पूर्ण चार्ज, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम, आणि आपला मोबाइल नंबर एचआरला आदल्या दिवशीच मेल करून ठेवा. शेवटी 'काही विचारायचंय?' म्हणाले, तर रिलीजच्या आधी किती आठवडे रात्री थांबावं लागतं, ते बिनधास्त विचारा.