हातात वीस वर्षांचे काम, पण कागद एकही नाही

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्राची दोन पाने मुलाविषयी आहेत आणि स्वतःविषयी शेवटच्या चार ओळी. मुलाचे उत्तर तुलनेने सोपे असल्यामुळे ते आधी देतो. त्याला शासकीय आयटीआयमध्ये फिटर किंवा मशिनिस्टची जागा मिळत असेल तर ती घ्यावी, आणि आयटीआय संपल्यावर शिकाऊ उमेदवारी, म्हणजे ॲप्रेंटिसशिप, टाळू नये. त्या काळात मिळणारे विद्यावेतन फार नसते, पण चांगल्या कारखान्यातील शॉप फ्लोअरवर काढलेले ते दिवस पुढे प्रत्येक मुलाखतीत उपयोगी पडतात. त्याच्याविषयी तुम्ही फार चिंता करावी असे मला वाटत नाही.

तुमच्या चार ओळींना मात्र सविस्तर उत्तर द्यायला हवे. तुम्ही लिहिता की तुमचे वय बेचाळीस आहे, नववीत असताना शाळा सुटली आणि गेली वीस वर्षे तुम्ही नाशिकमधील सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये ठेकेदारांकडे वेल्डिंग करत आहात. आता कंपनीने कंत्राटी कामगारांची नवी यादी केली असून ज्यांच्याकडे आयटीआयचे प्रमाणपत्र नाही त्यांना 'अर्धकुशल' धरले आहे, त्यामुळे तुमच्याच हाताखाली शिकलेल्या मुलाचा दर तुमच्यापेक्षा जास्त झाला आहे. एक एजंट पंधरा हजारांत 'डायरेक्ट दहावी आणि आयटीआय' करून देतो म्हणतो. आणि तुमचा प्रश्न असा की, सरकारच्या कौशल्याच्या योजनांत आमच्या वयाच्या माणसासाठी काही आहे का, की ते सगळे पोरांसाठीच आहे?

कागदावर पाहिले तर ते सगळे पोरांसाठी नाही. प्रौढ कामगाराला शिकण्याची सोय असावी हा विचार आपल्याकडे जुना आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पाऊल मुंबईतच पडले. गिरणी आणि कारखान्यांतील कामगारांसाठी देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ 1967 मध्ये वरळीला सुरू झाले. पुढे याच संस्थांना जन शिक्षण संस्थान हे नाव मिळाले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययन यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये तीन योजना 'स्किल इंडिया' या एकाच कार्यक्रमाखाली आणल्या आणि त्याला 8,800 कोटी रुपयांची तरतूद मंजूर केली. त्या तीन योजनांच्या वयाच्या अटी पाहिल्या की तुमच्या शंकेचे मूळ कळते. ॲप्रेंटिसशिपच्या योजनेत 14 ते 35, जन शिक्षण संस्थानात 15 ते 45 आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 15 ते 59. म्हणजे पहिले दार तुमच्यासाठी बंद आहे. दुसरे अजून तीन वर्षे उघडे असले तरी तिथले अभ्यासक्रम मुख्यतः शिवणकामासारख्या घरबसल्या चालणाऱ्या व्यवसायांचे असतात. तिसऱ्यातून मात्र तुम्हाला जाता येते.

त्या तिसऱ्या योजनेत तुमच्या उपयोगाचा भाग एकच आहे. त्याला पूर्वज्ञानाची मान्यता म्हणतात आणि प्रशिक्षण केंद्रांवर सगळे त्याला 'आरपीएल' या नावानेच ओळखतात. काम शिकवण्यासाठी ही सोय नाही. जे काम येते ते तपासून त्यावर शिक्का देण्यासाठी ती आहे. थोडी उजळणी होते, मग बाहेरचा परीक्षक तोंडी-लेखी प्रश्न विचारतो, प्रत्यक्ष जॉब करून घेतो आणि उत्तीर्ण झालेल्याला राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातील पातळी नमूद केलेले प्रमाणपत्र मिळते. या आराखड्यात 2023 पासून आठ पातळ्या आहेत. योजनेखालच्या बॅचला उमेदवाराकडून फी घेतली जात नाही. सध्याची मंजुरी मार्च 2026 पर्यंतच्या काळासाठी दिलेली होती, म्हणून केंद्रावर गेल्यावर बॅच कोणत्या योजनेखाली चालू आहे हे सर्वांत आधी विचारावे.

तरीही आरपीएल हा तुमच्या अडचणीवरचा तोडगा आहे असे मी म्हणणार नाही. या प्रमाणपत्राची किंमत ते पाहणाऱ्यावर ठरते, आणि तुमच्या कंपनीने आयटीआयचा कागद मागितला आहे, आरपीएलचा नाही. ज्या सेक्टर स्किल कौन्सिलांच्या, म्हणजे उद्योगनिहाय कौशल्य परिषदांच्या, निकषांवर ही प्रमाणपत्रे दिली जातात, त्यांच्या कामावर शारदा प्रसाद यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीनेच कडक टीका केली होती. आपल्याकडील रचनेत प्रशिक्षणाचा पैसा प्रशिक्षण केंद्राला मिळतो, त्यामुळे त्याला डोकी हवी असतात आणि कोणत्या माणसाला कोणता कागद उपयोगी पडेल हे सांगण्याची गरज कोणाला वाटत नाही. सिंगापूरमध्ये मे 2024 पासून चाळिशी गाठलेल्या नागरिकाच्या नावावर प्रशिक्षणासाठी 4,000 सिंगापूर डॉलर जमा केले जातात आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांतून कोणता घ्यायचा ते तोच ठरवतो. आपल्याकडे ही निवड कामगाराला स्वतः शोधाशोध करून करावी लागते, आणि त्यासाठीच हे पत्र एवढे लांबत आहे.

तुमच्यासाठी खरा रस्ता असा आहे, ज्याची जाहिरात कुठे दिसत नाही. आयटीआयचे विद्यार्थी जी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा देतात, ती अनुभवी कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून देता येते. त्यासाठी त्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, आणि उत्तीर्ण झाल्यावर आयटीआयवाल्यांना मिळते तेच राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. फिटर, इलेक्ट्रिशियन अशा बहुतेक व्यवसायांना दहावी लागते, पण वेल्डरला आठवी उत्तीर्ण पुरते. तुम्ही नववीत होता, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आठवी उत्तीर्ण ही नोंद असणारच. दाखला हरवला असेल तर गावच्या शाळेत अर्ज करून त्याची दुय्यम प्रत काढावी. अर्जाच्या तारखा आणि त्या वर्षीच्या अटी त्र्यंबक रस्त्यावरील शासकीय आयटीआयच्या परीक्षा विभागात प्रत्यक्ष जाऊन विचाराव्यात. फोनवर ही माहिती नीट मिळत नाही.

अडचण येईल ती अनुभवाच्या दाखल्याची. वीस वर्षांत तुमचे ठेकेदार अनेकदा बदलले असतील, काहींची फर्मही आज नसेल. अशा वेळी पीएफचा उपयोग होतो. तुमच्या यूएएन, म्हणजे पीएफ खात्याच्या, क्रमांकाने पीएफच्या पोर्टलवर लॉगिन केले की सेवेचा इतिहास दिसतो आणि त्यात कोणत्या आस्थापनेने कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वर्गणी भरली त्याच्या नोंदी असतात. तो छापून घ्या, त्यातील सलग तीन वर्षे ज्या आस्थापनेत आहेत तिच्याकडे जा आणि लेटरहेडवर 'वेल्डर' असे पद लिहिलेला दाखला मागा. पुष्कळ ठेकेदार सवयीने 'हेल्पर' लिहून देतात. तसा दाखला घेऊन परत येऊ नका.

परीक्षेतील प्रात्यक्षिकाची तुम्हाला भीती नसावी. लेखी भाग संगणकावर असतो आणि त्यात वेल्डिंगच्या सिद्धांताबरोबर कार्यशाळेतील आकडेमोडही येते. वीस वर्षे होल्डर धरलेली माणसे अडखळतात ती तिथेच. रॉडवरील क्रमांकाचा अर्थ, करंट आणि जाडीचा संबंध, बीडमध्ये, म्हणजे वेल्डच्या रेषेत, छिद्रे का पडतात, हे तुमच्या हाताला ठाऊक असले तरी चार पर्यायांतून बरोबर उत्तर निवडण्याची सवय वेगळी असते. केंद्र सरकारच्या 'भारत स्किल्स' या संकेतस्थळावर व्यवसायांची पुस्तके आणि सराव प्रश्न विनामूल्य आहेत. मुलाला मोबाइलवर ते उघडून द्यायला सांगा आणि रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास तरी त्याच्याबरोबर बसा. त्याचीही आयटीआयची तयारी होईल.

कंपनीच्या यादीपलीकडचा दर हवा असेल तर त्याचा संबंध सरकारी प्रमाणपत्राशी कमी आणि टेस्टशी जास्त आहे. प्रेशर पाइपिंगच्या कामात सिक्स-जी टेस्ट घेतात हे तुम्ही ऐकले असेलच. पाइप 45 अंशांत पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नसतो, त्यामुळे वेल्डरलाच त्याच्याभोवती फिरत खालून वर रूट, म्हणजे जोडाचा पहिला थर, भरावा लागतो, आणि मग त्या जोडाचा एक्स-रे निघतो. ही टेस्ट देणाऱ्याला कोणी शाळेचा दाखला विचारत नाही. मात्र नियमाप्रमाणे त्या पद्धतीचे वेल्डिंग सहा महिने केले नाही तर पात्रता संपते आणि टेस्ट पुन्हा द्यावी लागते. कसब वापरात नसेल तर उतरते हे मान्य करणारा हा नियम मला बाकीच्या आयुष्यभर चालणाऱ्या प्रमाणपत्रांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो. तुम्ही आर्गन, म्हणजे टिग वेल्डिंग, किती केले आहे ते पत्रात लिहिलेले नाही. केले नसेल तर व्यवसाय प्रमाणपत्र हाती आल्यावर पहिला खर्च त्या सरावावर करावा.

दहावी करावी का, असेही तुम्ही विचारले आहे. सुपरवायझर व्हायचे असेल तर करावी, पण घाई करू नये. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो, परंतु शिफ्ट सांभाळणाऱ्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, अधिक सोयीची आहे. तिथे वयाची वरची मर्यादा नाही, मराठी माध्यम आहे, पाच विषय लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एका नोंदणीवर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, म्हणजे एकेका विषयाने पुढे जाता येते. गणित टाळूनही तिथे दहावी होते, पण पुढे डिप्लोमाचा विचार असेल तर गणित आणि विज्ञान घ्यावेच लागेल. मुलाची दहावीची पुस्तके जपून ठेवली असतील तर त्यांचा आधार होईल. अभ्यासक्रम मात्र वेगळा आहे, म्हणून संस्थेचीच पुस्तके वाचावीत.

पीएम विश्वकर्मा योजनेविषयी कोणी सांगितले असेल तर तिच्या मागे लागू नका. ती लोहार, सुतार अशा अठरा पारंपरिक व्यवसायांतील स्वतःचे काम करणाऱ्यांसाठी आहे, कंपनीतील कंत्राटी वेल्डरसाठी नाही.

एजंटाला पैसे देऊ नका, आगाऊ म्हणूनसुद्धा नाही. वर सांगितलेल्या प्रत्येक परीक्षेची फी त्या त्या संस्थेकडे थेट भरता येते आणि ती सगळी मिळूनही त्याच्या पंधरा हजारांच्या जवळ जात नाही. आज कंपन्या प्रमाणपत्राची पडताळणी पोर्टलवर करतात. खोटा कागद निघाला तर दर वाढणे दूरच, वीस वर्षांचे नाव जाते आणि फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. त्याला मंडळाचे पूर्ण नाव आणि परीक्षा केंद्र लेखी द्यायला सांगून पाहा. तो देणार नाही.

सुरुवात पीएफच्या सेवा-इतिहासापासून करावी. त्याची छापील प्रत मला पाठवली तर तीन वर्षांचा अनुभव कोणत्या आस्थापनेकडून सिद्ध होऊ शकतो ते पाहून दाखल्याचा मसुदा तयार करून देईन.