करवंटीचा कोळसा फ्लोराइड धरेल का?

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात प्रतिलिटर २.८ मिलिग्रॅम फ्लोराइड निघालं. दुकानदार म्हणतो, करवंटीच्या कोळशाचा फिल्टर सगळं ओढून घेतो. बसवू का? – एक वाचक, पांढरकवडा

उत्तर : फ्लोराइडसाठी नको. कोळसा वास, रंग, क्लोरीन छान धरतो. फ्लोराइड त्याच्या हाती फारसं लागत नाही. (गंमत बघा, सोन्याच्या खाणींत सायनाइडच्या द्रावणातलं सोनं पकडायला हाच करवंटीचा कोळसा चालतो!) तुम्हाला हवा सक्रिय अ‍ॅल्युमिना, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे सच्छिद्र पांढरे दाणे. पण दाण्यांवरच्या फ्लोराइड धरणाऱ्या जागा भरल्या, की फ्लोराइड गुपचूप खाली उतरतं. चव बदलत नाही, रंग नाही. पाणी अल्कधर्मी (अल्कलाइन) असेल तर हे लवकरच घडतं. म्हणून गाळलेलं पाणी अधूनमधून तपासून घ्याच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली फ्लोराइडची मर्यादा प्रतिलिटर १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. दाणे कॉस्टिक सोडा आणि मग आम्लाने धुऊन पुन्हा वापरता येतात, मात्र हा उद्योग घरी करू नका. त्या धुवणात सगळं फ्लोराइड असतं, आणि लोक ते खुशाल बोअरशेजारी ओततात! आणि हो, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ जाते, फ्लोराइड उरतं.