सराफ्यातली गर्दी आणि महिन्याची यादी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या आधी तुम्ही इंदूरला आला होतात. सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री बारा वाजता पाय ठेवायला जागा नव्हती, खाण्यापिण्याच्या छप्पन दुकानला गाडी लावता येत नव्हती, राजवाड्याजवळच्या कपड्यांच्या दुकानांत आत शिरणं मुश्कील होतं. मग जगणं परवडत नाही असं लोक म्हणतात, ते कशाच्या आधारावर?

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. मी इंदूरचाच. सुदामा नगरच्या बाजूला आमचं किराण्याचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. सराफ्यातली ती गर्दी मीही पाहतो, कधी तिच्यात असतोही. आणि त्याच गर्दीतले काही चेहरे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या गल्ल्यासमोर उभे असतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब. २०११ च्या जनगणनेत इंदूरची वस्ती वीस लाखांच्या आसपास होती, आता ती बरीच वाढली आहे. तरी वीस लाखच धरू. शंभरातली दोनच माणसं एका रात्री बाहेर खायला निघाली तरी चाळीस हजार होतात. सराफा म्हणजे दिवसा सोन्याचांदीच्या पेढ्या आणि त्या बंद झाल्या की त्यांच्याच ओटल्यांवर खाण्याची दुकानं, अशी एक अरुंद गल्ली. चाळीस हजारांतले चौथाई लोक तिकडे वळले तरी तुम्हाला तिथे हात हलवता येणार नाही. बाकीचे अठ्ठ्याण्णव घरात का बसले आहेत, हे त्या गल्लीत उभं राहून कसं कळणार?

रांगेचंही असंच. समजा शनिवारी एका हॉटेलात चाळीस टेबलं भरलेली आहेत आणि बाहेर चाळीस कुटुंबं नंबर लावून बसली आहेत. त्या ऐंशीतल्या चाळिसांनी येणं सोडलं तरी टेबलं चाळीसच्या चाळीस भरलेली दिसतील. फक्त बाहेरची बाकं रिकामी होतील, आणि जागा लगेच मिळाली म्हणून तुम्ही खूश व्हाल. कमी झालेलं गिऱ्हाईक आधी मंगळवार-बुधवारी दिसतं, शनिवारी सगळ्यात शेवटी. माझ्याकडून मसाले नेणारे एक आचारी आहेत. ते सांगतात की टेबलं भरतात, पण चार माणसांत पूर्वी तीन भाज्या जायच्या तिथे आता दोन जातात, आणि जेवणाआधीचं काही मागवणारे कमी झालेत. बाहेरून काचेतून पाहणाऱ्याला मात्र चार माणसं जेवताना दिसतात.

गल्ल्यात पैसे जास्त पडले म्हणजे माल जास्त गेला असंही नाही. ज्या देशात हे ‘जगण्याच्या खर्चाचं संकट’ सगळ्यात जास्त गाजलं, त्या ब्रिटनमध्ये नेमकं हेच झालं. तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला, एकेचाळीस वर्षांतला सगळ्यात वरचा. तिथल्या सरकारी आकड्यांत त्या काळात दुकानांची विक्री रकमेनं कोरोनाच्या आधीपेक्षा पुष्कळ जास्त होती, पण मालानं कमी. लोक जास्त पैसे देऊन कमी सामान घरी नेत होते. २०२२-२३ या एका वर्षात तिथल्या ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी गरजूंना जवळपास ३० लाख शिधापिशव्या वाटल्या. आणि शुक्रवारी संध्याकाळी लंडनचे पब तेव्हाही भरतच होते.

इंदूरचा स्वतःचा एक दाखला आहे, तो मला जास्त जवळचा वाटतो. इथली हुकुमचंद कापड मिल १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कामगारांची देणी चुकती व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण वारले, त्यांच्या विधवांनी आणि मुलांनी ते पैसे घेतले. या मधल्या तीस वर्षांत अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, काही थांबल्या नाहीत. मिलच्या नावानं झांकी निघायची, तीच माणसं ती उभी करायची, आणि ती बघायला अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असायचं. वडिलांचं बोट धरून मीही त्या गर्दीत उभा राहिलो आहे. ती गर्दी बघून कुणी म्हटलं असतं की इंदूरच्या मिलमजुरांचं छान चाललंय, तर आमच्या वडिलांनी त्याला दुकानातली उधारीची वही दाखवली असती.

आता माझ्या वहीतलं सांगतो, कारण मला खरं काय दिसतं ते तिथेच दिसतं.

आमच्याकडे महिन्याची यादी देणारी घरं आहेत. पगार झाला की दोन ते सात तारखेत यादी येते. एका घराची यादी मी बारा-तेरा वर्षं बांधतो आहे. नवरा खाजगी नोकरीत, बायको घरी शिकवण्या घेते, दोन मुलं. २०१९ मध्ये त्या यादीत तूरडाळ तीन किलो, सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा डबा, शेंगदाणे दोन किलो, काजूतुकडा पाव किलो, चहाचा मोठा डबा असं असायचं. आज तूरडाळ दीड किलो आणि जोडीला मसूर. शेंगदाणे अर्धा किलो. काजू कधी गेले ते मलाही आठवत नाही. डब्याऐवजी तेलाची एक लिटरची थैली, तीही संपेल तशी. डबा घेतला तर लिटरमागे स्वस्त पडतो हे त्यांना पक्कं माहीत आहे, माझ्यापेक्षा त्यांचा हिशेब चोख आहे. पण डब्याचे पैसे एका वेळी काढणं जड जातं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी, त्याला तेच तेल जास्त भावानं पडतं. हे मी रोज माझ्या हातानं विकतो आणि रोज मला ते खटकतं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी मी घरच्यांसोबत छप्पनला गेलो होतो. तिथे हे चौघं दिसले. मुलीचा वाढदिवस होता. चौघांत तीन प्लेट, आणि मुलीच्या हातात आइस्क्रीम. मी हात हलवला, त्यांनीही हलवला. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या ताई माझ्या दुकानात आल्या, थैली हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘‘काका, काल मुलीचा वाढदिवस होता म्हणून गेलो, एरवी नाही जात हो. मागचे पैसे तीन तारखेला नक्की देते.’’

मी काहीच विचारलं नव्हतं. माझ्या मनातही काही नव्हतं. पण वहीत नाव असलेल्या माणसाला छप्पनला दिसलं की खुलासा द्यावा लागतो, अशी हवा आपण सगळ्यांनी मिळून केली आहे. तुमच्या प्रश्नात वाईट हेतू नाही हे मला कळतं. तरी ‘गर्दी आहे म्हणजे पैसा आहे’ हे वाक्य शेवटी त्या ताईंच्या अंगावर जाऊन पडतं, म्हणून मला ते लागतं.

त्यात बाहेरचं खाणं म्हणजे चैनच, हेही सरसकट खरं नाही. भंवरकुआँच्या बाजूला कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेली हजारो मुलं राहतात. खोलीत गॅस नाही, शेगडी लावायला मालक परवानगी देत नाही. सकाळी पोहे-जलेबी आणि रात्री मेसचा डबा, हाच त्यांचा स्वयंपाक. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत शहरी माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च ६,९९६ रुपये निघाला, आणि त्यातला सुमारे ११ टक्के पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर. खाण्यापिण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा हाच, दूध आणि भाजीपाल्यापेक्षाही मोठा. म्हणजे ठेल्याभोवतीच्या गर्दीत मजेसाठी आलेले आणि पोटासाठी आलेले, दोघंही खांद्याला खांदा लावून उभे असतात.

त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट आहे. शहरातल्या सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा माणशी खर्च महिन्याला २०,३१० रुपये आणि सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचा २,३७६. साडेआठ पट. इंदूरमध्ये गेल्या काही वर्षांत पैसा आला आहे, हे मी नाकारत नाही. जमिनी विकल्या गेल्या, सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या आल्या. विजय नगरकडच्या मोठ्या हॉटेलांत बसलेली कितीतरी माणसं खरोखर सुखात आहेत आणि असोत. एकाच शहरात एकाला महागाई लागत नाही आणि दुसऱ्याचं मुलांचं दूध कमी होतं, यात न जुळण्यासारखं काय आहे?

आणि गर्दीत हातातले पैसे कुणाचे आहेत, तेही दिसत नाही. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणे देशातल्या घरांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ११ टक्क्यांच्या वर होती. ती २०२२-२३ मध्ये पाच टक्क्यांच्या आसपास आली, जवळपास पाच दशकांतली सगळ्यात कमी. (२०२०-२१ मध्ये कोरोनामुळे लोक घरातच होते, म्हणून तेव्हाची बचत फुगलेली होती, हे धरूनही ही घसरण मोठी आहे.) त्याच काळात कर्जं वाढली. यात घर आणि गाडीसाठी घेतलेलं कर्जही आहे, सगळंच काही पोट भरायला घेतलेलं नाही. पण क्रेडिट कार्ड आणि बिनतारण कर्जं इतक्या वेगानं वाढली की नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांवरचे नियम कडक केले. दिवाळीचा शर्ट हप्त्यावर घेतलेला असला तरी पिशवी तशीच दिसते.

महागाई तर आता उतरली, असं तुम्ही म्हणाल. दर उतरला, बरोबर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशात भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा ४२ टक्क्यांनी महाग होत्या आणि एकूण महागाईचा दर ६.२१ टक्के होता. पुढच्या ऑक्टोबरात तोच दर पाव टक्क्यावर आला. तूरडाळ खरंच स्वस्त झाली, माझ्याच दुकानात झाली. पण दर कमी होणं म्हणजे चढण्याचा वेग कमी होणं. २०२० ते २०२४ मध्ये जे भाव जिने चढून वर गेले, ते बहुतेक वरच्याच मजल्यावर थांबले आहेत. शाळेची फी, खोलीचं भाडं, डॉक्टर, क्लास, यातलं काहीही मागे आलेलं मी पाहिलेलं नाही. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचच रुपयांना मिळतो, पण आतली बिस्किटं कमी झाली आहेत. शिवाय खाजगी नोकरीतल्या माझ्या गिऱ्हाइकांचे पगार त्या जिन्यानं तेवढ्या वेगात चढले नाहीत.

तेलाचं तर आम्हा माळव्यातल्या लोकांना विशेष दुःख आहे. सोयाबीन आमच्याच शेतांत पिकतं. तरी देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, म्हणून बाहेरचा भाव आणि आयात शुल्क मिळून आमच्या थैलीचा भाव ठरवतात. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के झालं, सणाच्या तोंडावर. शेतकऱ्याला भाव मिळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो मला मान्य आहे. पण त्याच हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपयांचा हमीभाव असताना मंडीत सोयाबीन त्याच्या खाली विकलं गेलं. ज्या शेतकऱ्यासाठी शुल्क वाढलं तोही रडत होता आणि अर्धा लिटर तेल मागणारी बाईही. मे २०२५ च्या शेवटी शुल्क १६.५ वर आणलं, तेव्हा थोडा दम खाता आला.

तुम्ही विचाराल, मग चणचण असताना लोक बाहेर जातातच कशाला? माझ्या समोरच्या माणसांकडे बघून मला जे वाटतं ते सांगतो. घर घेणं हातातून गेलं. एक तोळा सोनं लाखाच्या वर गेलं, मुलीच्या लग्नासाठी दर वर्षी थोडं थोडं घेऊन ठेवायची आमच्या आईच्या पिढीची रीत आता निभत नाही. काही हजार रुपये वाचवून यातलं काहीच होणार नसेल, तर पन्नास रुपयांचा गराडू (तळलेला कंद) थंडीत चौघांनी वाटून खाल्ला तर त्यात चुकलं काय? तो गराडू सोडून ते फ्लॅट घेणार नव्हते. मोठ्या इच्छा आधी सुटतात, मग घरातलं न दिसणारं सुटतं: काजू, तूप, दाताच्या डॉक्टरची तारीख. लेकराचा वाढदिवस शेवटपर्यंत सुटत नाही.

पुढच्या खेपेला इंदूरला आलात तर दिवाळीत येऊ नका. कोणत्याही साध्या महिन्याच्या चोवीस-पंचवीस तारखेला या, मंगळवार किंवा बुधवार पाहून. संध्याकाळी सात ते नऊ आमच्या दुकानात माझ्या शेजारच्या स्टुलावर बसा. मी चहा मागवतो. कोण काय घेतं ते बघू नका, गिऱ्हाईक काय उचलतं, उलटवून भाव बघतं आणि परत जागेवर ठेवतं, तेवढंच बघा. मग हवं तर आपण दोघं दुकान बंद करून सराफ्यात जाऊ, भुट्ट्याचा कीस मी खाऊ घालतो.