छोट्या जलविद्युत संचात शॉर्ट सर्किटच्या हिशेबासाठी जनरेटरचा इम्पिडन्स

आपला संच 50 केव्हीए, 400 व्होल्टचा, ब्रशलेस सिंक्रोनस जनरेटरचा आहे, नेमप्लेटवर रिॲक्टन्स (एसी प्रवाहाला वाइंडिंगचा होणारा अडथळा; रेझिस्टन्ससह एकूण अडथळा म्हणजे इम्पिडन्स) दिलेला नाही, आणि तो 0.15 पर युनिट (म्हणजे यंत्राच्या बेस इम्पिडन्सच्या 0.15 पट) धरून 80 अँपिअरचा एमसीसीबी (मोल्डेड केस सर्किट ब्रेकर) बसवावा का, असे आपण विचारले आहे. 0.15 हा आकडा वाजवी आहे, परंतु त्यातून फक्त पहिल्या एक-दोन सायकलमधला प्रवाह कळतो. ब्रेकर खरोखर ट्रिप होईल का, हे त्यानंतरच्या प्रवाहावर ठरते, आणि छोट्या संचात घात होतो तो तिथेच.

आधी आकडे मांडू. बेस इम्पिडन्स म्हणजे 400 चा वर्ग भागिले 50,000, म्हणजे 3.2 ओहम, पूर्ण भाराचा प्रवाह 72 अँपिअर. सबट्रान्झियंट रिॲक्टन्स (शॉर्टच्या पहिल्या क्षणांतला) 0.15 धरला तर 0.48 ओहम आणि टर्मिनलवरील तीन फेजच्या शॉर्टचा प्रवाह सुमारे 480 अँपिअर येतो. या आकाराच्या यंत्रांत हा रिॲक्टन्स साधारण 0.10 ते 0.20 असतो, म्हणून प्रवाह 360 ते 720 अँपिअरच्या दरम्यान कुठेही असू शकतो. ब्रेकरची तोडण्याची क्षमता तपासताना 0.10 धरावे, तो ट्रिप होईल का हे पाहताना 0.20 धरावे. रेझिस्टन्स ठाऊक नसेल तर शॉर्ट सर्किटच्या हिशेबाचे आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60909 प्रमाणे 1000 व्होल्टपर्यंतच्या जनरेटरसाठी सबट्रान्झियंट रिॲक्टन्सच्या 0.15 पट धरता येतो; मात्र तो पहिल्या शिखराच्या हिशेबापुरताच आहे, वाइंडिंगचा खरा रेझिस्टन्स नव्हे.

आता एमसीसीबीकडे पाहा. त्याचे मॅग्नेटिक (तत्काळ ट्रिप होण्याचे) सेटिंग दहा पट, म्हणजे 800 अँपिअरवर असेल, तर वरच्या संपूर्ण पट्ट्यात ते एकदाही गाठले जात नाही. थर्मल (तापून ट्रिप होणाऱ्या) भागाला वेळ लागतो आणि तेवढा वेळ प्रवाह टिकत नाही. सिंक्रोनस रिॲक्टन्स (शॉर्ट टिकून राहिल्यावरचा) 2.0 पर युनिट असेल, जे अशा यंत्रांत अगदी नेहमीचे आहे, तर नो-लोड एक्सायटेशनवर (भार नसताना लागणाऱ्या फील्ड प्रवाहावर) टिकून राहणारा प्रवाह 36 अँपिअर, म्हणजे पूर्ण भाराच्या निम्मा असतो. त्यातही एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा ऑटोमॅटिक व्होल्टेज रेग्युलेटर) जनरेटरच्याच टर्मिनलवरून वीज घेत असेल, तर शॉर्टमध्ये व्होल्टेज कोसळताच एक्सायटेशनही कोसळते आणि प्रवाह आणखी खाली जातो. म्हणून रिॲक्टन्स शोधण्याआधी एव्हीआरला वीज कुठून मिळते, हे पाहावे. एव्हीआरला वेगळी वीज देणारे पर्मनंट मॅग्नेट जनरेटर किंवा ऑक्झिलरी वाइंडिंग असेल, तर पूर्ण भाराच्या सुमारे तिप्पट प्रवाह साधारण दहा सेकंद टिकतो, आणि तेव्हा इलेक्ट्रॉनिक ट्रिप युनिट 160 अँपिअरच्या आसपास, थोड्या विलंबासह, लावता येते. तशी सोय नसेल तर केवळ ओव्हरकरंटवर विसंबू नये. अंडरव्होल्टेज ट्रिप किंवा व्होल्टेज-रिस्ट्रेंड (व्होल्टेज घसरले की कमी प्रवाहावर ट्रिप करणारा) ओव्हरकरंट रिले हवाच.

आकडा प्रत्यक्ष मोजायचा असेल तर यंत्र थांबलेले असताना मोजता येतो. एव्हीआर सोडवावा, फिरत्या डायोडपासून मुख्य फील्ड वेगळे करून शॉर्ट करावे, आणि व्हेरिॲकमधून (व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून) दोन टर्मिनलांमध्ये कमी एसी व्होल्टेज द्यावे. आपल्या यंत्रात 18 अँपिअर वाहण्यास 17 व्होल्टच्या आसपास लागावेत. व्होल्टेजला प्रवाहाच्या दुपटीने भागले की एका फेजचा इम्पिडन्स मिळतो. रोटर हाताने हळूहळू फिरवून जिथे इम्पिडन्स सर्वांत कमी येतो, ते वाचन साधारणपणे सबट्रान्झियंट रिॲक्टन्सचे मानावे. खऱ्या शॉर्टमध्ये लोखंड सॅच्युरेट होत असल्याने रिॲक्टन्स मोजलेल्यापेक्षा काहीसा कमी असतो, म्हणून तोडण्याच्या क्षमतेसाठी आकडा खालीच धरावा.

फेज-न्यूट्रल शॉर्टचा हिशेब वेगळा करावा. त्यात पॉझिटिव्ह, निगेटिव्ह आणि झिरो सिक्वेन्स (असमतोल शॉर्टचा हिशेब ज्या तीन भागांत मांडतात ते) रिॲक्टन्सची बेरीज येते, आणि दोन-तृतीयांश पिचच्या (कॉइलची रुंदी पोल-अंतराच्या दोन-तृतीयांश असलेल्या) वाइंडिंगमध्ये झिरो सिक्वेन्स फारच लहान असतो. समजा हे तीन 0.48, 0.50 आणि 0.10 ओहम आहेत. न्यूट्रल थेट अर्थ केलेला असेल तर टर्मिनलवर (फेज व्होल्टेजच्या तिप्पट भागिले ही बेरीज) 640 अँपिअर मिळतात, म्हणजे तीन फेजच्या शॉर्टपेक्षा जास्त.

लाइनच्या टोकाला मात्र चित्र उलटे होते. 16 चौरस मिलीमीटर ॲल्युमिनियमची 500 मीटर लाइन धरली, तर जाऊन-येऊन 1.9 ओहम होतात आणि प्रवाह 115 अँपिअरच्या आसपास राहतो. तारा तापल्या की 100 च्याही खाली. तिथे जनरेटरचा इम्पिडन्स 0.10 की 0.20 याने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आणि पॉवरहाऊसमधल्या ब्रेकरला तो शॉर्ट साध्या ओव्हरलोडसारखाच दिसतो. अशा शाखेच्या सुरुवातीला 16 अँपिअरचा बी-कर्व्ह (पाचपट प्रवाहापर्यंत तत्काळ ट्रिप होणारा) एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, लावावा, कारण तो 80 अँपिअरला खात्रीने ट्रिप होतो. 20 अँपिअरच्या बी-कर्व्हला 100 अँपिअर लागतात आणि गरम लाइनवर ते मिळतीलच असे नाही.

कपॅसिटरवर चालणारे इंडक्शन जनरेटर असेल, तर पहिला प्रवाह त्याच मोटरच्या स्टार्टिंग करंटएवढा धरावा आणि काही सायकलींत तो संपेल असेच गृहीत धरावे.

एक गोष्ट इम्पिडन्सच्या हिशेबात दिसत नाही, तरी तिला जोडूनच येते. टर्मिनलजवळच्या शॉर्टमध्ये प्रवाह मोठा असला तरी प्रत्यक्ष शक्ती अगदी थोडी खर्च होते, त्यामुळे टर्बाइनचा वेग ब्रेकर उघडण्याआधीच वाढू लागतो, आणि व्होल्टेज नसल्याने इलेक्ट्रॉनिक लोड कंट्रोलर बॅलास्टवर (जादा वीज जिरवणाऱ्या हीटरवर) भार टाकू शकत नाही. म्हणून बॅलास्टची जोडणी मुख्य ब्रेकरच्या जनरेटरकडील बाजूला असावी, आणि ओव्हरस्पीड रिलेने एक्सायटेशन तोडून पेल्टन टर्बाइन असल्यास आधी डिफ्लेक्टर (पाण्याची धार वळवणारी पट्टी) फिरवावा. मुख्य व्हॉल्व्ह त्यानंतर सावकाश बंद करावा, म्हणजे पेनस्टॉकमध्ये (टर्बाइनला पाणी आणणाऱ्या पाइपात) वॉटर हॅमर, म्हणजे दाबाचा अचानक धक्का, होणार नाही.