सांधा झाकायच्या आधी दाखवायला सांगा

ताई, सर्व्हिसिंगहून आलेली स्कूटर दुसऱ्या दिवसापासून तेल गाळतेय आणि मेकॅनिकने ड्रेन बोल्टवर, म्हणजे जुनं तेल काढायच्या बोल्टवर, एम-सील फासून ती परत पाठवली. जानेवारीत नवीन केलेल्या बाथरूममुळे खालच्या मजल्यावर ओल येतेय आणि कडिया, म्हणजे गवंडी, तीनदा येऊन टाइल्सच्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरून गेला. तुम्ही विचारलंत, माणसंच अशी झालीत की माझीच निवड चुकते?

तुमची निवड चुकत नाही. मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, 31 वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. बिघडलेलं यंत्र उघडलं की आधीच्या माणसाने कुठे घाई केली ते दिसतं, आणि ती जागा बहुतेक वेळा एकच असते: जिथे थांबायचं होतं किंवा मोजायचं होतं. बोल्ट काढता-लावता सगळ्यांनाच येतो. वॉशर बदलणं, आटे पुसणं, पाना किती ओढायचा ते बघणं, सिमेंटला पाणी देत बसणं, या कामांचे पैसे मात्र कोणी वेगळे देत नाही. आपल्या बडोद्यात त्यावर एक गुजराती शब्द ठरलेला आहे, ‘चालशे’, म्हणजे चालून जाईल. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण तो म्हणणाऱ्याच्या घरात पाणी गळणार नसतं.

आधी स्कूटर. इंजिनचं खालचं अंग अॅल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादाचा. बोल्ट आधी दोन-तीन फेरे हाताने बसवायचा असतो. तो तिरका धरून सरळ पान्याने फिरवला, किंवा लांब पाना लावून जोर काढला, की अॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. तुमच्याकडे तेच झालंय. एम-सील हा उपाय नाही, गरम इंजिनावर ते आज ना उद्या सुटेल. या स्कूटरमध्ये तेलच मुळात पाऊण लिटरच्या आसपास असतं, त्यामुळे थेंब थेंब गळलं तरी पातळी लवकर उतरते आणि इंजिन जाम होऊ शकतं. दुरुस्ती होईपर्यंत दर दोन दिवसांनी डिपस्टिक बघा. खरा उपाय म्हणजे भोक मोठं करून नवे आटे पाडायचे आणि त्यात हेलीकॉइल, म्हणजे पोलादी आट्यांची स्प्रिंग, बसवायची. लेथचं काम करणारा चांगला माणूस ते करून देतो. भोकातला कीस इंजिनात राहू नये म्हणून नंतर थोडं तेल ओतून ते वाहू द्यायला सांगा. मग नवा वॉशर. हा खर्च मेकॅनिकने द्यायला हवा, आणि तसं स्पष्ट सांगा.

गाडीच्या चाकांचंही तेच. एकदा पुढचे-मागचे टायर अदलाबदल करून घेतले आणि दुसऱ्या दिवशी डभोईच्या रस्त्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं. उतरून बघतो तर पुढच्या चाकाचे दोन नट बोटांनी फिरत होते. मागच्या सीटवर माझी नात होती. त्या दिवसापासून माझ्या गाडीत टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना, असतो. लहान गाड्यांना साधारण 85 ते 110 न्यूटन मीटर लागतं, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. नट समोरासमोरचे, आलटून पालटून आवळायचे आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. हवेच्या गनने एका दमात आवळलेले नट एक तर ढिले राहतात, नाही तर इतके ताणले जातात की पंक्चर झाल्यावर रस्त्यात ते निघत नाहीत.

आता बाथरूम, कारण तुमचे जास्त पैसे तिथे अडकलेत. फटी भरून काही होणार नाही. पाणी अडवणारा थर टाइल्सच्या खाली असतो, वर नाही. फोडाफोडीला हो म्हणायच्या आधी गळती नक्की कुठली ते शोधा. दोन दिवस ते बाथरूम अजिबात वापरू नका. तरीही खाली ओल वाढत राहिली तर दाबाखालची पाण्याची पाइप गळतेय. मग सगळे नळ बंद करून प्लंबरकडून हातपंपाने पाइपमध्ये दाब भरून घ्या आणि पंपावरच्या दाबाचा काटा उतरतो का ते बघा. ओल थांबली तर दोष फरशीत किंवा निचऱ्याच्या पाइपमध्ये. नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, बूच मारून बंद करा, दोन इंच पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि 24 तास ठेवा. खाली ओल आली तर फरशी किंवा ट्रॅपच्या कडेचा सांधा. नाही आली तर बूच काढून पाणी सोडा. सोडल्यावरच ओल आली तर निचऱ्याचा पाइप. यात पाण्यात थोडी नीळ टाकली तर खालच्यांनाही पटतं की पाणी आपल्याकडचंच आहे.

फरशी उघडावी लागली तर टाइल्स बसायच्या आधी 48 तास पाणी भरून ठेवायचं, हे काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्या. आणि त्या दोन दिवसांचे पैसे वेगळे द्या. माझा सगळा अनुभव या एका वाक्यात आहे. कडियाला रोजचा खाडा परवडत नाही, म्हणून तो चाचणी गाळतो. आपण घासाघीस करून पहिल्यांदा कापतो ते हेच दिवस. सिमेंटला पाणी देण्याचंही तसंच: साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान 7 दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्याला 10 दिवस, असं भारतीय मानक 456 सांगतं. गच्चीच्या कोब्याला एवढे दिवस पाणी मिळालेलं मी क्वचितच पाहिलंय.

माझे आजोबा कलाभवनात शिकले होते. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेली ती शाळा, आजची सयाजीराव युनिव्हर्सिटीची टेक्नॉलॉजी फॅकल्टी तिच्यातूनच वाढली. आजोबा कानशीने घासलेला तुकडा गुण्याला, म्हणजे काटकोन तपासायच्या पट्टीला, लावून दिव्यासमोर धरत आणि फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायला बसत. याच गावात आज ‘चालशे’ ऐकावं लागतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. असे कारागीर आजही आहेत. त्यांना ओळखायचं तर भाव नंतर विचारा, आधी विचारा, “झाकायच्या आधी मला दाखवाल का?” चांगला माणूस या प्रश्नाने खूश होतो.

पैशांचं: शेवटचा हप्ता चाचणी झाल्यावरच द्या. जुन्या कडियाला लेखी कळवा, फोटो आणि पावत्या जपून ठेवा. ऐकलं नाहीच तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

आधी ती दोन दिवसांची परीक्षा करा आणि ओल वाढली की थांबली ते इथेच कळवा. फोडायचं कुठे ते त्यावरून ठरवू. तोवर कडियाला टाइल्सना हात लावू देऊ नका.