बाळ पोटातच गेल्याचं आई-वडिलांना सांगताना डॉक्टर स्वतःला कसं सावरतात?

त्या क्षणी सावरायला वेळच नसतो. सोनोग्राफीत ठोके दिसत नाहीत, हातातला प्रोब तिथेच थांबतो आणि आई आपल्या चेहऱ्याकडे बघत असते. शक्यतो दुसऱ्या डॉक्टरकडून खात्री करून घेतात. मग शेजारी बसून स्पष्ट सांगायचं, "बाळाचं हृदय थांबलंय." आडवळणाने बोललं की खोटी आशा लागून राहते, ते जास्त क्रूर. त्यानंतर गप्प बसणं सगळ्यात अवघड. डोळे भरून आले तर येऊ द्यावेत.

खरा त्रास नंतर होतो. बाहेर पुढची पेशंट थांबलेली असते, आणि 'माझं काही चुकलं का?' हे रात्री छळतं, कारण तपासण्यांनंतरही कित्येकदा नेमकं कारण सापडत नाही. अशा वेळी त्या खोलीत सोबत असलेल्या नर्सशी, सहकाऱ्यांशी त्याच दिवशी मोकळं बोलणं फार आधार देतं. तरीही झोप उडालेलीच राहिली तर समुपदेशकाकडे जावं.